गिरणीची नववी मालिका

परवा माझी नात मुक्ता मोबाइल घेऊन शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, तुला हॉकी कळते ना? मग हे बघ." पडद्यावर परदेशातल्या बर्फावरच्या हॉकीचा तक्ता होता. तिकडचे पगारी संघ, त्यांनी बाद फेरीत वर्षानुवर्षं खेळलेल्या मालिका, त्यातल्या किती जिंकल्या, किती हरल्या, सगळं ओळीने मांडलेलं. मोठा संघ कोणता हे ठरवायला तिकडच्या लोकांनी साखळीतले सामने बाजूला ठेवले होते आणि फक्त मालिका मोजल्या होत्या. माझ्या लहानपणी माझे वडील हेच सांगत होते आणि आमच्या चाळीत त्यांना सगळे हसत होते. मी मुक्ताला विचारलं, "यात संयुक्त विजेते कुठं लिहितात?" ती म्हणाली, "तसं नसतं गं आजी. शेवटी कुणीतरी एकच जिंकतं." त्यांचं बरं आहे. आमच्याकडे तेवढं सोपं नव्हतं.

माझे वडील मूळचे करमाळ्याकडच्या केम गावचे. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. ते सोलापुरात आले पोटासाठी, आणि गिरणीने त्यांना वाइंडिंग खात्यात घेतलं ते हॉकीसाठी. त्या काळी गिरणीचा स्वतःचा हॉकी संघ होता. चांगला खेळणारा कुणी दिसला की त्याचं नाव कुठल्या तरी खात्याच्या पटावर चढायचं. दुपारपर्यंत काम आणि मग मैदान, असा सगळा बेत. कागदोपत्री ते कामगार होते, पण पगार मिळायचा तो मनगटाचा. आप्पा डावीकडून खेळत, लेफ्ट इन. सूत गुंडाळणं ह्या माणसाला जमत नाही असं त्यांचा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, तोंडावर सांगायचा आणि आप्पा ते हसून कबूल करायचे. पुढे गुडघा गेला, खेळ सुटला, आणि मग मात्र त्यांना सूत शिकावंच लागलं.

घर म्हणजे गिरणीच्या मागच्या चाळीतल्या दोन खोल्या. पलीकडच्या गल्लीत विणकरांचे माग चालायचे. त्यांची खटखट आम्हाला ऐकू येत नसे, ती थांबली तरच आम्ही मान वर करून बघायचो. आई अक्कलकोटकडची. साधी बोलायची मराठीत, वैतागली की अर्धी कन्नडमध्ये, आणि खरोखर भडकली की पूर्ण कन्नडमध्ये, त्यामुळे तिचा राग किती हे आम्हाला भाषेवरूनच कळायचं. रविवारी सकाळी कडक भाकरीचा चुरा, त्यावर दही, शेंगांची चटणी आणि हाताने फोडलेला कांदा असा बेत असायचा. ताटं वाढली की विषय निघायचा एकच: गिरणी मोठी की कॉलनी मोठी.

कॉलनी म्हणजे रेल्वे कॉलनीचा संघ. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली की आमच्या शहरात हॉकीची स्पर्धा सुरू व्हायची. बाहेरगावचे संघ यायचे, पण बहुतेक वर्षी शेवटी समोरासमोर उभे राहायचे ते हे दोघेच. शेवटच्या फेरीत एका सामन्यावर निकाल नसे. तीन सामन्यांची मालिका असायची, दोन जिंकेल त्याची ढाल. कॉलनीवाले उंचेपुरे, शिस्तीचे, आणि साखळीत तर ते आमच्या लोकांना हमखास हरवायचे. एकूण सामने मोजले तर कॉलनी कितीतरी पुढे. हे आप्पांना कुणी ऐकवलं की ते घास हातात धरून थांबायचे.

"सामना कुनीबी जिंकतंय की," ते म्हणायचे. "एक दिस वारं फिरलं, जिंकला. मालिका जिंकायला दम लागतोय. पैला हरल्यावर दुसऱ्याला मैदानात उतरायचं, ते बगायचं असतंय. मालिका मोजा. मग सांगा कोन मोटं हाय ते."

"साकु," आई म्हणायची. साकु म्हणजे पुरे. "आदी जेवा. गार व्हायला लागलंय."

आप्पांच्या बाजूने बोलायला जगात एकच माणूस होता, तो म्हणजे उस्मानचाचा. गिरणीच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड, आणि एक वर्ष कर्णधार. तो माझा सख्खा काका असता तरी मला त्याच्याबद्दल याहून जास्त माया वाटली नसती. कापसाच्या धुळीने त्याची छाती भरली होती, चार पावलं चालला की थांबायचा. बायको लवकर गेली, मुलगी सासरी, त्यामुळे रविवारी तो आमच्याकडे असायचा. येताना बेकरीतली खारी आणायचा आणि आल्या आल्या माझ्या डोक्यावर टपली मारून विचारायचा, "क्या बेटी, कित्ते हुए?"

"नऊ," मी म्हणायची.

"हौ. नौच."

नऊ म्हणजे गिरणीने जिंकलेल्या ढाली. कॉलनीच्या आठ. यातली नववी उस्मानचाचाची, त्याच्या कर्णधारपदाच्या वर्षातली. तिसरा सामना, सुटलेलं वारं, आप्पांनी डावीकडून दिलेला पास, आणि चाचाने गोलकीपरच्या पायांमधून घातलेला चेंडू. ही गोष्ट तो बसल्या जागी, चमचा उलटा धरून खेळून दाखवायचा. शंभरदा ऐकली असेल, पण चमचा वळला की मी श्वास रोखायचीच.

ह्या मोजणीतून माझी वही जन्माला आली. माझं गणित चांगलं होतं आणि घरात अक्षरही माझंच बरं होतं. मी दहावीच्या वर्षात एक आलेखाची वही घेतली, उभ्या रेघा मारल्या, आणि प्रत्येक मालिकेला एक ओळ दिली. पहिला सामना, दुसरा, तिसरा, गोल कुणी केले, निकाल. पण माहिती गोळा करायला बसले तेव्हा लक्षात आलं की गिरणीच्या लोकांना वर्षं आठवत नाहीत, मिरवणुका आठवतात. ढाल जिंकली की मैदानापासून गिरणीच्या फाटकापर्यंत हलगी लावून मिरवणूक निघायची, आणि कर्णधार ढाल खांद्यावर घेऊन पुढे. कुणाच्या लग्नाच्या वर्षी निघाली, कुणाचा पाय मोडला त्या वर्षी निघाली, असं लोक सांगायचे आणि मी ते जोडत जायची. मिरवणूक निघाली म्हणजे जिंकलो, हा त्यांचा पुरावा. मलाही तो पुरेसा वाटला. मी तेव्हा सोळा वर्षांची होते.

कॉलनीची बाजू लिहून घ्यायला मी डॅनियल सरांकडे गेले. ते कॉलनीच्या संघाचे चिटणीस, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. इस्त्रीचा पांढरा शर्ट, घरात सुद्धा बूट, आणि मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, केक दिला आणि आठ मालिका तोंडपाठ सांगितल्या. मधली काही वर्षं त्यांची बदली बाहेर झाली होती. त्या वर्षांचं मी ऐकीव सांगतो आहे, असंही त्यांनी प्रामाणिकपणे लिहून घ्यायला लावलं. एक गोष्ट मला त्यांच्याकडे कळली आणि मी ती घरी कुणाला सांगितली नाही. कॉलनी मालिका जिंकायची ती बहुतेक वेळा दोन-शून्य, आणि आपण जिंकायचो ते रडतखडत दोन-एक.

मग गिरणीचं बिनसलं. आधी एक पाळी बंद झाली, मग दुसरी, आणि भोंगा दिवसातून एकदाच व्हायला लागला. हॉकी संघ केव्हा मोडला ते कळलंही नाही. गिरणी नाही म्हटल्यावर स्पर्धा चालवणार कोण? स्पर्धा समितीचे अध्यक्ष एक वकीलसाहेब होते. त्यांनी सभा घेऊन सांगितलं की स्पर्धा आता बंद, आणि फिरती ढाल ज्याच्या मालिका जास्त त्याला कायमची देऊन टाकू. मालिका सारख्या भरल्या तर त्याच मालिकांमधले जिंकलेले सामने मोजायचे. ढालीवर नावं कोरायची पद्धत नव्हती, आणि समितीची जुनी कागदपत्रं माळ्यावर वाळवीने खाल्ली होती. तेव्हा कुणीतरी आप्पांच्या पोरीच्या वहीचं नाव काढलं. डॅनियल सर उठून म्हणाले, "मुलीची वही आम्हाला मान्य आहे. तिने आमच्याकडे येऊनही लिहून घेतलेलं आहे. नऊ आणि आठ, असंच आम्हीही ऐकत आलो आहोत." पुढच्या महिन्यात रविवारी सकाळी कामगार हॉलमध्ये मी वही वाचायची आणि ढाल द्यायची, असं ठरलं.

चाळीत काय आनंद झाला ते मी आज सांगू शकत नाही. ज्यांनी कधी स्टिक हातात धरली नव्हती ते सुद्धा आप्पांना वाटेत थांबवून बोलायला लागले. कामं सुटत चालली होती, देणी थकली होती, फाटकावरचा रखवालदार सुद्धा घरी गेला होता. लोकांना वाटत होतं की निदान ढाल तरी आपली राहील. कामगार हॉलच्या भिंतीवर तिच्यासाठी खिळा आधीच ठोकून झाला होता. उस्मानचाचा तर रोज येऊन विचारायचा, वहीत माझी ओळ कितवी आहे.

त्याच ओळीत दोन घरं रिकामी होती. तिसऱ्या सामन्याचा निकाल चाचा एक-शून्य सांगायचा आणि आप्पा दोन-एक, त्यामुळे त्या सामन्याचं घर भरता येत नव्हतं आणि गोल कुणी केले तेही. सभेत वाचायचं म्हटल्यावर मला ती रिकामी घरं टोचायला लागली. शाळा सुटल्यावर मी वाचनालयात गेले आणि जुन्या वर्तमानपत्रांचे बांधलेले गठ्ठे काढून घेतले. तीन दुपारी धूळ खाल्ल्यावर सापडलं. आतल्या पानावर, कोपऱ्यात, चार ओळी. तिसरा सामना वादळामुळे थांबवावा लागला. त्या वेळी गिरणी संघ एका गोलने पुढे होता. कॉलनी संघाला दुसऱ्या दिवशी बाहेरगावी जायचे असल्याने उभय संघांस संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. नाणेफेकीनुसार ढाल पहिले सहा महिने गिरणीकडे व नंतर कॉलनीकडे राहील.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. नऊ नव्हत्या. आठ-आठ होत्या, आणि आठ-आठ झाल्या की सामने मोजायचे, आणि मालिकांमधल्या सामन्यांतही कॉलनी पुढे, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. गठ्ठा मिटून जागेवर ठेवला असता तर प्रश्नच नव्हता. डॅनियल सर त्या वर्षी बदलीवर होते, त्यांनाही माहीत नव्हतं, आणि तेव्हाचे कॉलनीचे खेळाडू कधीच बदलून गेले होते. मी चार ओळी उतरवून घेतल्या आणि घरी आले.

आप्पा दारात बसून सायकलची साखळी पुसत होते. मी कागद वाचून दाखवला. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावला. मग चिंधी खाली ठेवली.

"वादळ आलं व्हतं," ते म्हणाले. "समोरचा मानूस दिसत न्हवता. अंपायरनं शिट्टी मारली, आमाला वाटलं सपला सामना. ढाल हातात दिली, हलगी लागली, निगालो की आमी."

"आणि सहा महिन्यांनी, आप्पा? ढाल न्यायला कुणी आलं नव्हतं?"

"टेंपो आला व्हता एकदा," ते सावकाश म्हणाले. "हापिसातला सायेब म्हनला, ढाल पॉलिशला धाडलीया. आमी म्हनलं, आसंल." आणि मग त्यांना हसू आलं. ते फार वाईट हसू होतं. "सा महिने पॉलिश चाललंय आन् एकाबी गड्यानं इचारलं न्हाय बग."

त्या हसण्यावर आई आतून बाहेर आली. तिला सगळं सांगितलं. ती मराठीतच बोलली, म्हणून मला धीर आला. "खरं हाय ते वाच," ती म्हणाली. "पन उस्मानभावजींना आदी सांग. सभेत न्हाय. घरी जाऊन सांग. त्यांचं एक तेवडंच हाय."

"आप्पा, तुम्ही सांगाल?"

"मला न्हाय जमायचं, नंदा," आप्पा म्हणाले. "वही तुजी हाय. काय वाचायचं ते तू ठरीव. मी वाच बी म्हननार न्हाय आन् नगं बी म्हननार न्हाय." तेव्हा मला त्यांचा राग आला होता. एवढा मोठा माणूस आणि पोरीच्या पदराआड लपतो, असं वाटलं. आता वाटतं की त्यांनी 'नको' म्हटलं नाही हीच त्यांची मोठी गोष्ट होती. म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं.

शनिवारी दुपारी मी चाचाकडे गेले. तो उंबऱ्यावर बसून कॅनव्हासच्या बुटांना ओला खडू फासत होता. बाजूला गिरणीचा जुना हिरवा शर्ट वाळत घातलेला. "आ बेटी, बैठ," म्हणाला. "कल मेरेकू आगे की कुर्सी देते बोले." त्याने चहा ठेवला, आणि चहा उकळेपर्यंत तो गोल पुन्हा एकदा खेळून दाखवला, ह्या वेळी चिमट्याने. मध्येच खोकला आला, भिंतीला धरून थांबला, आणि राहिलेला गोल पूर्ण केला. मी तोंड उघडलं होतं. "चाचा," एवढं म्हणालेही. तो म्हणाला, "क्या?" मी म्हणाले, "साखर कमी घाला." चहा पिऊन मी घरी आले. आईने विचारलं, सांगितलंस? मी मान हलवली, आणि ती मान कशी हलली हे तिला कळू नये म्हणून पाणी भरायला निघून गेले.

रविवारी हॉल भरला होता. ढाल टेबलावर, तिच्यामागे वकीलसाहेब, एका बाजूला डॅनियल सर आणि कॉलनीची दहा-बारा माणसं, दुसऱ्या बाजूला आख्खी चाळ. पहिल्या रांगेत चाचा, हिरव्या शर्टात, पांढऱ्या बुटात. मी एकेक ओळ वाचत गेले. गिरणीची ओळ आली की टाळ्या पडत. त्याची ओळ आली तेव्हा त्याने शर्टाची कॉलर नीट केली. मी कागदावरच्या चार ओळी जशाच्या तशा वाचल्या आणि म्हणाले, "निकाल, संयुक्त विजेते. गिरणीच्या मालिका आठ, कॉलनीच्या आठ."

आधी कुणाला समजलंच नाही. मग मागून एक जण ओरडला, "पोरगी चुकली! नऊ हायती, नऊ!" वकीलसाहेबांनी कागद मागून घेतला, गठ्ठ्याचा महिना विचारला, कागद डॅनियल सरांकडे दिला. सर वाचून गोंधळले. उभे राहून म्हणाले, "आम्हाला हे ठाऊक नव्हतं. आमची काही हरकत नाही. ढाल गिरणीलाच द्यावी." वकीलसाहेब म्हणाले की नियम सभेत झाला आहे आणि दोन्ही बाजूंनी हात वर केलेले आहेत. मग सामने मोजले. तेही माझ्याच वहीतून, माझ्याच तोंडाने. कॉलनी तीन सामन्यांनी पुढे होती.

गलका झाला. आप्पांच्या खात्यातला एक माणूस बाकावर उभा राहून म्हणाला, "आप्पा, पोरीला केक खायला कॉलनीत कशाला धाडली व्हतीस?" लोक हसले. आप्पा उठले. मला वाटलं आता भांडण होणार. ते एवढंच म्हणाले, "मोजायला तुमीच बसिवली व्हती की तिला. मोजलं तिनं." आणि खाली बसले.

तेवढ्यात चाचा उठला. तो सावकाश टेबलापाशी गेला, दोन्ही हातांनी ढाल उचलली. ती जड होती, त्याचा श्वास आम्हाला शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येत होता. "कप्तान मैं था," तो म्हणाला. "तो मैंच देता." त्याने ढाल डॅनियल सरांच्या हातात ठेवली, त्यांच्याशी हात मिळवला आणि दाराकडे निघाला. माझ्या टेबलाला वळसा घालून गेला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

खरं वाचल्याचा पश्चात्ताप मला त्या दिवशी झाला नाही आणि आजही नाही. पुढे तीस-बत्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं, आणि आठाला नऊ म्हणायला मी एकाही पोराला शिकवलं नाही. पण मी ते आधी सभेला सांगितलं आणि मग त्याला कळलं, चारशे माणसांत बसून, खडू लावलेले बूट घालून. शनिवारच्या त्या चहाची मला अजून लाज वाटते. आई ते कधी बोलून दाखवत नसे, पण त्या आठवड्यात ती माझ्याशी बरंचसं कन्नडमध्येच बोलली.

चार रविवार चाचा आला नाही. पाचव्या रविवारी आला, खारी घेऊन. डोक्यावर टपली मारली, अभ्यासाचं विचारलं, भाकरी दह्यात कालवून जेवला. 'कित्ते हुए' मात्र विचारलं नाही. त्यानंतर तो गोल त्याने आमच्या घरात कधी खेळून दाखवला नाही. आप्पांनी एकदोनदा मुद्दाम विषय काढला, तर तो चमचा ताटात ठेवून पाणी प्यायला. गिरणी त्याच वर्षी पूर्ण बंद झाली. आप्पा शहराबाहेर कुंभारी गावाकडे एका छोट्या कारखान्यात लागले, मी कॉलेजात गेले, आणि घरी हॉकी निघेनाशी झाली.

चाचाची छाती त्यानंतर वर्ष-दीड वर्ष टिकली. शेवटी शेवटी तो खाटेवरच असायचा, आणि दुपारचा डबा घेऊन मी जायची. अशाच एका दुपारी, मी डबा उघडत असताना, तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "बेटी, वो पेपर में... गोल किसका लिख्या था?"

मी वर बघितलं. त्या चार ओळींत गोल कुणाचा हे नव्हतंच. एका गोलने पुढे, एवढंच होतं. सभेत मी त्या वाचल्या तेव्हा त्याला 'संयुक्त'पलीकडे काही ऐकूच आलं नसावं. चाचाला उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. तो कागद आयुष्यात स्वतः वाचणार नव्हता.

"तुमचंच नाव आहे, चाचा," मी म्हणाले. "छापलंय."

तो वळला. "मेरा नाम? पूरा?"

"पूर्ण नाव. आणि पुढे, कर्णधारांनी उत्तरार्धात सुरेख गोल केला, असं लिहिलंय."

"फिर से बोल."

मी पुन्हा बोलले, ह्या वेळी वर्तमानपत्रातल्यासारखं, सावकाश. त्याने डोळे मिटून ऐकलं. मग एक डोळा उघडून विचारलं, "और पास? तेरे आप्पा का पास लिख्या क्या नै?"

"तेही लिहिलंय. डावीकडून आलेल्या पासवर."

"हौ," तो म्हणाला. "डावीकडूनच था." आणि डब्यातली भाकरी मागितली.

घरी आल्यावर मी वही काढली. त्या ओळीत निकालाच्या घरात माझ्या अक्षरात 'संयुक्त' लिहिलेलं होतं, ते तसंच ठेवलं. शेजारचं, गोल कुणी केला ते घर तेवढं रिकामं होतं. त्यात मी शाईने उस्मानचाचाचं पूर्ण नाव लिहिलं आणि वही आप्पांपुढे ठेवली. त्यांनी बोट ठेवून ती ओळ डावीकडून उजवीकडे शेवटपर्यंत वाचली. हे कुठनं मिळालं, असं त्यांनी मला विचारलं नाही.